दिवसाआड एक गोळी

वजन उतरलं, पण नाव काही उतरलं नाही. एकशे चौतीस किलोंचे होते तेव्हा लोक त्यांना पिंपराव म्हणायचे, आणि आता ब्याऐंशीवर आले तरी पिंपरावच म्हणतात. नव्या साइटवर कुणी "पिंपराव कोण?" असं विचारलं की सगळे एका गालफडं बसलेल्या, सैल पँट पट्ट्यानं आवळलेल्या माणसाकडे बोट दाखवतात. विचारणाऱ्याला वाटतं, आपली चेष्टा चाललीय.

पिंपराव फरश्या बसवतात. गेली तेवीस वर्षं त्यांचा जोडीदार एकच, त्याला सगळे लंबू म्हणतात. कामाची वाटणी पहिल्याच वर्षी झाली ती झाली. लंबूची कंबर धरते म्हणून भिंती त्याच्या, जमीन पिंपरावांची. जमीन करणारा माणूस दिवसाचे सहा-सात तास गुडघ्यांवर असतो. तेवढं वजन आणि दोनच गुडघे, कधीतरी फसणारच होतं ते.

फसलं ते एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात. पिंपराव कोपऱ्यापासून फरश्या लावत दाराकडे येत होते. शेवटच्या दोन ओळी राहिल्या आणि गुडघे अडकले. उठताच येईना. पुढे नुकत्याच लावलेल्या फरश्या, मागे पसरलेलं ओलं सिमेंट, मधे हा माणूस, हात टेकायला जागा नाही. शेवटी लंबूनं फळी टाकली, रंगाऱ्यांना हाक मारली आणि तिघांनी मिळून काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. बारा फरश्या सरकल्या. त्या पुन्हा काढून लावाव्या लागल्या, पण पिंपरावांना लागलं ते दुसरंच. कुणी हसलं नाही. रंगारी एरवी कशावरही हसणारे, पण त्या दिवशी मुकाट्यानं ब्रश उचलून निघून गेले. हसले असते तर बरं झालं असतं, असं पिंपराव पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिले.

त्यानंतर चार महिन्यांनी त्यांनी वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकून उरलेल्याची केळ्याएवढी नळी करतात, ते. सर्जनबाईंनी आधी तासभर बसवून सगळं समजावलं होतं. वजन किती उतरेल, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर का घ्यायच्या, आणि काही जणांना नंतर आंबट वर येण्याचा त्रास होतो तो का. पोटाची पिशवी होती तेव्हा ती ताणली जायची, आता नळी ताणली जात नाही, आतला दाब वाढतो आणि आम्ल वरची वाट शोधतं. पिंपरावांनी मान डोलावली आणि दाखवलं तिथे सही केली. त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपले आपण जमिनीवरून उठायचं.

आणि उठले की! पाच-सहा महिन्यांत पुन्हा गुडघ्यांवर बसायला लागले. पण चौथ्या महिन्यातच आंबट सुरू झालं होतं. वाकलं की छातीत निखारा, आडवं झालं की घशात. सर्जनबाईंनी गोळी दिली. चाळीस मिलिग्रॅमची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, खाण्याआधी अर्धा तास. दोन आठवड्यांत आग शमली. वर्षभर त्या दोन गोळ्या चालू राहिल्या. बायको दर रविवारी आठवड्याच्या डबीत खणाखणांतून गोळ्या भरून ठेवायची. ती एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिच्या हाताला शिस्त आहे. पिंपराव त्या डबीकडे बघायचे आणि त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पोट कापून घेतलं ते आजारपण संपावं म्हणून, आणि हे डबीतलं आजारपण काही संपत नव्हतं.

वर्षानं दुर्बीण घालून तपासणी झाली. अन्ननलिकेची सूज पूर्ण भरून आली होती. सर्जनबाई म्हणाल्या, "छान आहे. आता गोळ्या हळूहळू कमी करू या. पुढच्या महिन्यात या, कशा कमी करायच्या ते लिहून देते."

पिंपरावांना एवढ्या वाक्यातलं 'कमी करू या' तेवढं ऐकू आलं. त्यात भर म्हणून साइटवर एका रंगाऱ्यानं सांगितलं, की त्याच्या चुलत्याची हाडं असल्याच गोळ्यांनी पोखरली. मग काय! दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी त्यांनी डबीतून काढली आणि वॉश बेसिनमधे टाकून नळ सोडला. संध्याकाळचीही तशीच. डबीतले खण वेळच्या वेळी रिकामे होत होते, त्यामुळे बायकोला पत्ता लागला नाही.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. पिंपराव खुशीत. "उगाच वर्षभर खाल्ल्या," असं लंबूला म्हणाले. चौथ्या दिवशी एका घराच्या स्वयंपाकघरात काम चालू होतं. दहाला त्यांनी एक उकडलेलं अंडं आणि अर्धा कप चहा घेतला आणि लगेच जमिनीवर उतरले, कारण दुपारपर्यंत ओट्याखालचा भाग उरकायचा होता. ओट्याखाली मान घालून फरशी दाबली, रबरी हातोड्यानं दोनदा ठोकली, आणि छातीत असा जाळ उठला की हातोडा हातातून सुटला. घसा पेटला. डावा खांदा दुखायला लागला. कपाळावर घाम फुटला. ते मागे सरकून भिंतीला टेकले आणि त्यांच्या मनात एकच आलं : हे हृदय. संपलं.

"लंबू," ते कसेबसे म्हणाले, "बायकोला सांगू नकोस."

"फोन केला पण," लंबू म्हणाला. त्याचे दोन्ही हात सिमेंटनं भरलेले होते आणि फोनवर बोटांचे पांढरे ठसे उमटले होते.

इस्पितळात त्यांच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर आली, रक्त घेतलं, दोन तासांनी पुन्हा घेतलं. बायको दवाखान्यातला हिरवा डगला न काढताच धावत आली होती, गळ्यात मास्क लोंबकळत होता. तरुण डॉक्टरनं पट्टी पाहिली, रक्ताचे आकडे पाहिले आणि सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे."

बायकोनं मोठा श्वास सोडला. मग नवऱ्याकडे वळून एकच प्रश्न विचारला. "शेवटची गोळी कधी घेतलीत?"

पिंपराव छताकडे बघायला लागले.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. छताला नाही."

"शनिवारी," पिंपराव म्हणाले. तो दिवस बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी त्यांची हजेरी घेतली, पण आवाज न चढवता. त्यांनी सांगितलं ते असं. ही गोळी पोटातल्या आम्लाच्या नळावर हात ठेवून बसते. वर्षभर नळ दाबून ठेवला, तर शरीर आतून जास्त जोर लावायला शिकतं. हात एकदम काढला की आम्ल पहिल्यापेक्षाही जोरात उसळतं. ती उसळी काही आठवडे टिकते, आणि माणसाला वाटतं आजार परत आला. म्हणून हात हळूहळू उचलायचा.

"आणि नाहीच जमलं तर?" पिंपरावांनी विचारलं. खुर्चीत त्यांचा पाय एकसारखा हलत होता.

"काही जणांना दुसरं ऑपरेशन लागतं. या नळीची वाट बदलून द्यावी लागते. पण तो विचार औषधानं भागलं नाही तरच. आत्ता नाही."

आत्ता नाही, असं त्या म्हणाल्या, पण पिंपरावांना ते ऐकूच आलं नाही. दुसरं ऑपरेशन हे दोन शब्द त्या दिवसापासून त्यांच्या मानगुटीवर बसले.

बाईंनी कागदावर लिहून दिलं. पहिला महिना, चाळीसची एकच, सकाळी. दुसरा महिना, वीसची एक. तिसरा महिना, वीसची दिवसाआड. मग बघू. डोस कमी केला की सुरुवातीचे आठ-दहा दिवस जळजळणारच, तेव्हा खाण्यानंतर पातळ औषध घ्यायचं. पण दोन आठवडे उलटूनही रोज जळजळ राहिली, तर मागच्या पायरीवर परत यायचं आणि फोन करायचा. हे शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा अधोरेखित केलं. शिवाय गुडघ्यांसाठी साइटवर कुणाच्याही खिशातली दुखण्याची गोळी घ्यायची नाही. जेवताना पाणी नाही. जेवल्यावर तास-दीड तास वाकायचं नाही. झोपण्याआधी तीन तास काही खायचं नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचलायची. उशा रचून चालणार नाही, पलंगच उचलायचा.

बायकोनं कागद फ्रिजवर चिकटवला. पलंगाचं काम पिंपरावांनी स्वतःकडे घेतलं, कारण ते त्यांना समजणारं काम होतं. उरलेल्या जाड फरश्यांचे तुकडे कापले, एकावर एक चिकटवून दोन ठोकळे केले, पलंगाच्या पायांना बसतील असे खळगे केले, आणि पाणसळ लावून दोन्ही बाजू केसाचाही फरक न राहता सारख्या केल्या. सकाळी दोघं जागी झाली तेव्हा दोघांचेही पाय पलंगाबाहेर लोंबत होते.

"रात्रभर घसरगुंडीवर झोपल्यासारखं वाटलं मला," बायको म्हणाली.

"सवय होईल."

"तुम्हाला होईल. मला कुठे आम्ल आहे?"

पण तिनं ठोकळे काढू दिले नाहीत.

पहिला महिना बरा गेला. नऊ दिवस जळजळलं, दहाव्या दिवशी थांबलं. खरा त्रास वेगळाच होता, आणि तो कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता. पिंपरावांना स्वस्थ बसता येईना. घरी आले की स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या. टीव्हीसमोर बसले तर रिमोटची मागची पट्टी काढायची-घालायची. बायको भाजी चिरत असली तर शेजारी उभं राहून ओट्याची फट नखानं कोरायची. एकदा तिनं सुरी खाली ठेवून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"काही नाही."

"मग बसा."

बसले. दोन मिनिटांत उठले. पायाला भिंगरी लावल्यासारखं चाललं होतं. जरा जळजळलं की दुसरं ऑपरेशन आठवायचं, आणि आठवलं की जळजळल्यासारखं वाटायचं. खरी आग कुठली आणि धास्तीची कुठली, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

दुसऱ्या महिन्यात वीसची गोळी सुरू झाली आणि नेमकं त्याच वेळी पोहण्याच्या तलावाचं काम आलं. एका क्लबचा जुना तलाव, पाणी काढलेला, तळाच्या सगळ्या फरश्या नव्यानं लावायच्या. म्हणजे दोन महिने नुसती जमीन, आणि तीही उतरती. पिंपराव पहिल्या दिवशी शिडीनं खाली उतरले, मधोमध उभे राहिले आणि त्यांना एक सणसणीत आंबट ढेकर आली. रिकाम्या तलावात ती चारी भिंतींवर आपटून फिरली. वर काठावर रंगारी कठडे रंगवत होते. त्यातला एक ओरडला, "ओ! कोण बोलावतंय?"

सगळे खदखदून हसले. पिंपरावही हसले, पण हसताना घसा चरचरला आणि त्यांनी खिशातल्या औषधाच्या बाटलीवर हात ठेवला.

लंबूनं दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं कामाचा क्रमच बदलला. सकाळी आल्या-आल्या, काही खाण्याआधी, पिंपरावांनी तळ करायचा. दहाला खाल्लं की तळाला हात लावायचा नाही, वर येऊन उभ्यानं फरश्या कापायच्या. त्या वेळात तळ लंबू करणार.

"तुझी कंबर?" पिंपराव म्हणाले.

"तासाभरानं काही मोडत नाही."

"तेवीस वर्षं मोडत होती."

"तेवीस वर्षं तू खाल्ल्यावर मरायला टेकत नव्हतास," लंबू म्हणाला आणि गुडघ्यांना पट्टे बांधायला लागला. त्याला ते बांधता येईनात. पिंपरावांनीच बांधून दिले.

त्याच आठवड्यात ताई आली. ही पिंपरावांची थोरली बहीण. बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठली गाडी कुठून सुटते ते सांगते. वजनात ती पिंपरावांच्या पूर्वीच्या वजनाला मागे टाकेल अशी. भावाच्या ऑपरेशनला सगळ्यात जास्त विरोध तिचाच होता. "धडधाकट पोट कापून घेतोस, अक्कल गहाण टाकलीस का?" असं म्हणून ती इस्पितळातही फक्त एकदा आली होती, आणि तेव्हाही रागावूनच बसली होती. एवढा मोठा गडी, पण ती त्यांना अजून छोट्या म्हणते.

त्या दिवशी ती आली, बसली आणि पाणी प्यायली. पिंपराव खिडकीपासून दारापर्यंत फिरत होते.

"छोट्या, बस की जरा. मान दुखली माझी."

"बोल तू. ऐकतोय."

"मला पण करायला सांगितलंय," ताई म्हणाली.

पिंपराव थांबले. "काय?"

"ऑपरेशन. साखर आवरत नाहीये. डॉक्टर म्हणाले, विचार करा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू खरं सांग. सगळे मला गोड-गोड सांगतायत. तुझी बायको म्हणते छान झालं, शेजारीण म्हणते तुझा भाऊ किती देखणा दिसायला लागला. तू सांग."

पिंपरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे कुणालाच सांगितलेलं नाही. लंबूला नाही, बायकोला नाही. ते पुन्हा चालायला लागले. चालता-चालता बोलले.

"गुडघे सुटले. जमिनीवरून एकटा उठतो. ते खरंय. पण ताई, आई कारखान्यातून यायला उशीर व्हायचा तेव्हा आपण काय करायचो?"

"काय करायचो? बिस्किटांचा डबा काढून बसायचो."

"हां. कारखान्याच्या गाडीचा आवाज आला की डबा परत फळीवर. मी तेव्हापासून तेच करतोय. काम बिघडलं, खा. भांडण झालं, खा. कुणाची वाट बघायची, खा. आता पोटात चार घास जातात. मग मी काय करू? हातांचं काय करू? डॉक्टरांनी पोट काढलं, ती वाट बघायची सवय तशीच ठेवली." ते दारापाशी थांबले. "आणि हे आंबट. त्याची भीती. खाली वाकताना दरवेळी वाटतं, आता येणार. हे तुला कुणी सांगणार नाही."

ताईनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग तिनं विचारलं, "परत करशील?"

"करेन," पिंपराव म्हणाले. स्वतःचंच उत्तर ऐकून ते जरा चपापले. "पण आधी सगळं विचारेन. मी सही करताना ऐकतच नव्हतो."

ताई गेल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट आता तिचीही काळजी मागे लागली.

तिसरा महिना आला. वीसची, दिवसाआड. फ्रिजवरच्या कागदावर ही गोळ्यांची शेवटची पायरी होती आणि पिंपरावांनी ती जणू शर्यतीची रेघ मानली. गोळीच्या दिवशी ठीक, बिनगोळीच्या दिवशी दुपारनंतर छाती धुमसायची. आठ दिवस झाले, दहा झाले, चौदा झाले. अधोरेखित वाक्य त्यांना पाठ होतं. मागच्या पायरीवर या आणि फोन करा. पण मागच्या पायरीवर जायचं म्हणजे हरायचं, आणि हरायचं म्हणजे दुसरं ऑपरेशन. त्यांच्या मनानं अशी सरळ दोरीच ताणली होती. मग त्यांनी दात-ओठ खाऊन सोसायचं ठरवलं. पातळ औषधाची बाटली संपली की साइटवरून येताना दुसरी आणायचे आणि जुनी बाहेरच टाकायचे. बायकोनं विचारलं तर, "एकदम मस्त."

सोळाव्या दिवशी गार पाणी प्यायल्यावर दात शिरशिरला. दोन दिवसांनी सगळेच शिरशिरायला लागले. बायको म्हणाली, "उद्या या दवाखान्यात. डॉक्टर बघतील."

पिंपराव गेले. खुर्ची मागे कलंडली, दिवा तोंडावर आला आणि आडवं होताच घशात आंबट आलं. त्यांनी ते गिळलं. बायको शेजारी उभी होती, हातात छोटा आरसा घेऊन. तिनं ते गिळणं पाहिलं.

दातांचे डॉक्टर आतून सगळे दात बघत गेले. "वरच्या दातांची मागची बाजू झिजलीय," ते म्हणाले. "समोरून ठीक आहेत. असं आम्लानं होतं. याला बरेच महिने लागतात, पण हिरड्यांची ही लाली ताजी आहे. हल्ली आंबट येतं का वर?"

पिंपरावांच्या तोंडात आरसा होता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. उत्तर बायकोच्या डोळ्यांत होतं.

दोघं चालत घरी निघाली. पिंपराव सवयीनं पुढे, ती मागे. कोपऱ्यावर ती थांबली.

"किती दिवस?"

"थोडंसंच आहे."

"किती दिवस?"

"एकोणीस."

"एकोणीस दिवस तुम्ही मला 'एकदम मस्त' म्हणताय." तिचा आवाज चढला. फळवाल्यानं मान वर करून पाहिलं. "गेल्या वेळी मी हातातलं टाकून धावले. मला वाटलं, गेला माझा नवरा. ते दोन तास मी कसे काढले ते तुम्ही विचारलंत तरी का कधी? तुम्हाला वाटतं हे तुमचं एकट्याचं पोट आहे?"

"मला परत कापून घ्यायचं नाहीये," पिंपराव म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि रस्त्यातच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवीस वर्षांत लंबूनंही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. फळवाल्यानं पाहिलं.

बायकोनं त्यांचा दंड धरला आणि तिथूनच सर्जनबाईंना फोन लावला. पिंपरावांच्या हातात फोन दिला. "बोला. सगळं सांगा. मी ऐकतेय."

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी मधे न बोलता ऐकून घेतलं. अन्न अडकतं का, उलटी होते का, शौचाला काळं होतं का, असं एकेक विचारलं. तसं काही नव्हतं. मग म्हणाल्या, "उद्यापासून रोज वीसची. आणि सोमवारी या. एक विचारू? तुम्ही फरशी लावता, एखादी खाली-वर झाली तर काय करता?"

"काढतो आणि परत लावतो."

"मग अख्खी खोली पाडायला घेत नाही ना?"

पिंपरावांना हसू आलं. डोळे ओलेच होते.

सोमवारी बाईंनी नवीन कागद लिहिला. या वेळी त्यात महिन्यागणिक उतरत्या पायऱ्या नव्हत्या. दोन महिने रोज वीसची. नंतर भिंतीचं काम असेल त्या आठवड्यांत दिवसाआड करून पाहायची, जमिनीचं काम असेल तेव्हा रोज. "काहींची गोळी पूर्ण सुटत नाही," त्या म्हणाल्या. "ज्या सगळ्यात कमी डोसात तुमचा घसा आणि दात शांत राहतात, तो तुमचा डोस. हाडांची भीती वाटते तर दरवर्षी रक्त तपासू, हाडंही बघू. आणि दुर्बीण मी सांगेन तेव्हा. दुसऱ्या ऑपरेशनचं तुम्ही मनात जे बांधकाम काढलंय ना, ते थांबवा."

बांधकाम एकदम थांबलं नाही. पण तीन आठवड्यांत आग शमली. दात शिरशिरायचे ते एका विशिष्ट पेस्टनं बरेच कमी झाले. आंबट आल्यावर लगेच दात घासायचे नाहीत, आधी नुसत्या पाण्यानं चुळा भरायच्या, हे बायकोनं त्यांना शिकवलं, आणि ती रोज विचारायला लागली. "आज कसं?" त्यावर 'मस्त' हे उत्तर घरात बंद झालं. आता पिंपराव सांगतात, "दुपारी दोनदा. संध्याकाळी नाही." ती ऐकते आणि आपल्या कामाला लागते.

तलावाचं काम आठ दिवस उशिरानं संपलं. पाणी सोडताना लंबू आणि ते काठावर उभे होते. लंबू कंबरेवर हात ठेवून. त्याची कंबर दोन महिन्यांत खरंच धरली होती आणि तो ते कबूल करत नव्हता. रोजच्या गोळीचे दोन महिने पुरे झाल्यावर पुढचं काम पिंपरावांनी मुद्दाम भिंतींचं घेतलं. लंबूनं विचारलं तर म्हणाले, "मला दिवसाआड करायचीय."

ताईनं वहीत एकवीस प्रश्न लिहिले आणि सर्जनबाईंकडे जाताना भावाला बरोबर नेलं. तिला आधीपासूनच आंबट ढेकरांचा त्रास होता, तो तिनं आजवर कुणाला सांगितला नव्हता. छोट्याच्या सगळ्या कथेनंतर सांगितला. तो ऐकून आणि तपासून बाईंनी तिच्यासाठी दुसऱ्या तऱ्हेचं ऑपरेशन सुचवलं, ज्यात आंबटाचा धोका कमी. "हे सांगितलंत ते फार बरं झालं," असं त्या ताईला म्हणाल्या. ताईनं भावाकडे पाहिलं. पिंपराव तेव्हा खोलीच्या टोकाला उभे राहून भिंतीवरचं पोटाचं चित्र बघत होते, कारण खुर्चीत बसून त्यांची दहा मिनिटं झाली होती.

तारीख ठरली. त्याआधी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, म्हणून ताई बसस्थानकातून सुटली की दोघं भावंडं चालायला जातात. पिंपरावांना ही फेरी बरी पडते. निदान चालायला कारण मिळतं. पण त्यांचा वेग आवरत नाही. परवा ते बोलता-बोलता दोन दुकानं पुढे निघून गेले. मागून हाक आली, "छोट्या, मी इथेय!"

ते वळले. ताई दिव्याच्या खांबाला धरून धापा टाकत होती. ते परत मागे आले, तिच्याजवळ उभे राहिले. उभ्या-उभ्या त्यांनी शर्टाचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"आज गोळीचा दिवस का बिनगोळीचा?" ताईनं दम खात विचारलं.

"बिनगोळीचा."

"मग?"

पिंपरावांनी क्षणभर छातीकडे लक्ष दिलं. "आहे जराशी," ते म्हणाले. "चल तू. सावकाश."